कॉरीनची फरसबी

केंटव्हिल, रविवार, १४ मे १९७८

कॉरीन,

आधी ‘प्रिय’ लिहायची रीत आहे. ते तू मनातल्या मनात धर, माझ्या हाताला ते जमत नाही.

आपण दोघी फोनवर ओरडतो आणि ग्वेन जिन्यात जाऊन बसते, म्हणून इथून पुढे जे काय असेल ते लिहून कळवा, असा लॉर्नचा हुकूम आहे. ठीक. अक्षर माझं चांगलं आहे.

तर अस्परॅगस. काल ग्वेनला तुमच्याकडे सोडायला आले तेव्हा गाडीतूनच दिसलं. विहिरीकडचा अख्खा वाफा तू गवताच्या मशीनने भादरून टाकलास. विचारलं तर दारात उभी राहून म्हणतेस, “मला वाटलं, तण माजलंय.” तण! बाई, ते कोंब बोटाएवढे जाड असतात, टोकाला जांभळे असतात. असलं तण तुझ्या माहेरी उगवत असेल तर गावजेवण घाल. तो वाफा मी लावला तेव्हा ग्वेन रांगत होती. लावल्यावर पहिली काही वर्षं त्याला हात लावायचा नसतो, नुसती वाट पाहायची असते. ती वाट मी पाहिली. खायला बसलीस तू, आणि खाल्लंही नाहीस, कापून फेकलंस.

मुळं खोल आहेत, मरणार नाहीत. पुन्हा फुटतील. यंदा खुडू नकोस, एवढं तरी कर.

आज मदर्स डे. ग्वेनने कागदाची फुलं करून दिली. तुलाही दिली म्हणे. असो.

मॅव्हिस रॅफ्यूज
(आडनाव मी टाकलेलं नाही. लॉर्नशी लग्न करून तेच तूही लावतेस, त्याला माझा इलाज नाही.)


केंटव्हिल, रविवार, २ जुलै

कॉरीन,

जॅमची बरणी पोचली. “कॉरीनने मुद्दाम तुझ्यासाठी पाठवलाय,” ग्वेन म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. ती समोर होती म्हणून एक चमचा खाल्ला. उरलेला आमच्या कापडाच्या दुकानातल्या मुलींना दिला. त्यांनी तो दुधात ढवळून प्यायला. जॅम पिता येतो याचा अर्थ तुला समजावून सांगायला नको. पावसात भिजलेली स्ट्रॉबेरी तोडलीस, दुसरं काय! कोरड्या दिवशी तोडायची, चार अर्धीकच्ची त्यात टाकायची, म्हणजे आळतो. त्या घरात सगळ्यांना माहीत होतं हे.

ग्वेनच्या खोलीला पिवळा रंग दिलास असं कळलं. तिला विचारून दिलास असंही कळलं. हे सांगताना ती माझा चेहरा न्याहाळत होती. बारा वर्षांच्या पोरीला ही सवय कुठून लागली, कोण जाणे.

उन्हाळाभर ती तुमच्याकडे राहील. कोर्टात ठरलं ते मी पाळते. लॉर्नला सांग, तिला ट्रकमध्ये बसवून सफरचंदांच्या गोदामावर नेत जाऊ नकोस. त्या गोदामात फळं निवडणाऱ्या बायकांत त्याला काय काय सापडतं, ते आपल्या दोघींना चांगलं ठाऊक आहे.

मॅव्हिस


केंटव्हिल, रविवार, ३० जुलै

कॉरीन,

आधी पडदे. स्वयंपाकघरातले निळ्या चौकडीचे पडदे तू उतरवलेस आणि त्यांची पोतेरी केलीस, हे ग्वेनच्या तोंडून निसटलं. पोतेरी! ते कापड मी दुकानात नोकरीला लागायच्या कितीतरी आधी घेतलं होतं. गुडघाभर बर्फ पडलेला असताना, एका जानेवारीत मी ते शिवले. खाली दुहेरी दुमड घातली, कारण त्या खिडकीतून वारा येतो आणि हलकं कापड चुलीकडे उडतं. तू आता तिथे काय लावलंयस? ग्वेन म्हणते, पांढरं, जाळीचं. जाळीचं! चुलीशेजारी! उद्या पेटलं तर मला दोष देऊ नकोस. आणि नको होते तर परत द्यायचे. माझ्या दोन खोल्यांना मिळून तीन खिडक्या आहेत. एकीला तरी झाले असते. पण परत द्यायला माणसाकडे मन लागतं. तुझ्याकडे फडकी आहेत.

आता कुकर. काल ग्वेनने फोनवर चाचरत विचारलं, “आई, बरण्यांचा तो मोठा प्रेशर कुकर आहे ना, वर काटा असलेला, तो कॉरीनला थोडे दिवस मिळेल का? फरसबी खूप आलीय.” नाही मिळणार. तो माझ्या आईचा आहे. त्या घरातून मी शिवणाचं मशीन आणि तो कुकर, दोनच वस्तू उचलल्या. इथे मला बाग नाही, बरण्यांत भरायला काही नाही, हे खरं. सध्या त्यात लोकरीचे गुंडे आहेत. तरी तो माझा आहे. दुकानात नवा मिळतो.

कुकर नसेल तर फरसबी बरण्यांत भरू नकोस. ती टोमॅटोसारखी आंबट नसते. नुसत्या उकळीने तिच्यातला जंतू मरत नाही, बंद बरणीत विष तयार होतं आणि माणूस जातं. खारवून ठेव, नाहीतर शेजाऱ्यांना वाट.

पडद्यांची फडकी उरली असतील तर ग्वेनबरोबर पाठव.

मॅव्हिस


केंटव्हिल, रविवार, २० ऑगस्ट

कॉरीन,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ते इथे पुन्हा उतरवते, म्हणजे काय लिहिलंस ते तुझ्या लक्षात राहील. “मॅव्हिस, तुमच्या मते माझ्या हातचं काहीच धड नसतं. जॅम पातळ, रंग पिवळा, पडदे जाळीचे, आणि आता फरसबी विषारी. किनाऱ्यावर माझी आजी टबात तीन-तीन तास बरण्या उकळायची. कोणी मेलं नाही.”

तुझ्या आजीचं नशीब थोर. नशिबावर लोणची घालतात, फरसबी नाही. एकदा लिहिलं होतं, हे दुसऱ्यांदा. ग्वेनला मी बजावून ठेवलंय, कॉरीनच्या बरण्यांतलं काही तोंडात घालायचं नाही. तुला राग आला तर खुशाल येऊ दे.

दुसरं, तुम्ही केप ब्रेटनला निघालात. समुद्रावरच्या त्याच तंबूंच्या तळावर, त्याच आठवड्यात. फरसबी आटोपली आणि सफरचंदं अजून सुरू व्हायचीत, असा वर्षात एकच आठवडा त्या घराला मोकळा मिळतो. तो शोधून काढला मी. तळावरची ती वाऱ्याच्या आडोशाची जागा शोधली मी. तंबूचा फाटलेला कोपरा शिवला मी. लॉर्नला निदान दुसरा समुद्र शोधायचा होता. या प्रांताला चहूकडून समुद्र आहे.

ग्वेनला घाटात गाडी लागते. तिला पुढे बसव आणि तू मागे बस. तिचा जाड स्वेटर विसरू नकोस. रात्री तिथे हाडं गोठतात. आणि ती समुद्रात गेली की काठावर एकाने उभं राहायचं. लॉर्न नाही, तो जेवला की झोपतो.

मॅव्हिस


केंटव्हिल, बुधवार, ३० ऑगस्ट

कॉरीन,

हे पत्र हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण तू त्याच्या खाटेपासून हलत नाहीस असं नर्स म्हणाली. हलू नकोसच.

सोमवारी सकाळी मी कामावर निघाले होते, दाराला कुलूप लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. ग्वेन होती. केप ब्रेटनच्या छोट्या हॉस्पिटलातून बोलत होती. “आई, बाबांना सगळं दोन-दोन दिसतंय. त्यांची जीभ जड झालीय. पापण्या उघडत नाहीत. डॉक्टर विचारतात किती प्यायलात, आणि बाबा तर कॉफीशिवाय काही प्यायले नाहीत.” मी विचारलं, काय खाल्लंत? ती म्हणाली, शनिवारी दुपारी कॉरीनने बरणीतली फरसबी काढून कांदा-व्हिनेगर घालून थंडच वाढली, बाबांनी तीनदा घेतली. काल गाडी चालवताना त्यांना रस्ते दोन दिसायला लागले, म्हणून कॉरीनने चाक हातात घेतलं. “तू खाल्लीस?” “नाही. मी म्हटलं मला आवडत नाही.”

मग मी त्या हॉस्पिटलात फोन लावला. डॉक्टर तरुण होता. “आपण कोण?” “त्याची पहिली बायको.” “बाईसाहेब, अर्धांगाचा झटका वाटतोय, आत्ता आमची धावपळ चाललीय, घरगुती गोष्टी नंतर...” मी म्हटलं, “घरगुतीच गोष्ट आहे. घरी भरलेली फरसबी, कुकरशिवाय, थंड खाल्ली. त्याच्या दुसऱ्या बायकोच्या डोळ्यांकडे बघा, तीही तिथेच उभी असेल.” मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि कोणीतरी पळत गेलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. अँब्युलन्स, हॅलिफॅक्स, श्वासाचं यंत्र, विमानाने मागवलेलं औषध. डॉक्टर सांगतात, औषध पुढचं विष थांबवतं, झालेलं मागे फिरवत नाही. छातीच्या स्नायूंना परत जागं व्हायला आठवडे लागतील. होतील असं म्हणतात.

तुझी एक पापणी उतरलीय असं नर्स म्हणाली. तू एकच घास खाल्लास म्हणे. करणारीने एक घास, खाणाऱ्याने तीनदा. त्याला पहिल्यापासून कोणीही वाढलेलं पुरत नाही.

ग्वेनला मी घेऊन आले. ती बोलत नाही.

मॅव्हिस


केंटव्हिल, रविवार, १७ सप्टेंबर

कॉरीन,

परवा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू जे बोललीस ते चार लोकांनी ऐकलं. मी तिथे उत्तर दिलं नाही, कारण समोर काचेपलीकडे लॉर्न होता आणि त्याच्या घशात नळी होती. आता देते.

तू म्हणालीस, “कुकर दिला असतात तर?” मी तुला दोनदा लिहिलं होतं. दोनदा! यावर तू काय म्हणालीस? “त्या पत्रात पडद्यांवर अर्धं पान होतं, मॅव्हिस. फरसबीवर चार ओळी. मला कसं कळावं, कोणतं खरं आणि कोणतं नुसतं मला टोचायला?”

सगळंच खरं होतं. टोचायलाही होतं. दोन्ही असू शकतं.

आणि तेवढ्यात तो डॉक्टर आला आणि आपल्या दोघींकडे बघत म्हणाला, खाण्याआधी ती फरसबी पातेल्यात दहा मिनिटं खळखळ उकळली असती, तर काहीच झालं नसतं. तू माझ्याकडे वळून बघितलंस. “तुम्हाला माहीत होतं हे?” मी पर्स उचलून निघाले. आईने मला ते लहानपणीच सांगितलं होतं. त्या पत्राचं पान संपलं होतं, कॉरीन. दुसरं घ्यायला हवं होतं असं तू म्हणशील. म्हण.

आता घराचं. आरोग्य खात्याच्या माणसाने तळघरातल्या फरसबीच्या बरण्या नेल्या. बाकीच्यांना हात लावू नका म्हणाला, तपासून सांगतो. तुमच्या शेजारच्या मिसेस पिनिओंकडून मी किल्ली घेतली. तू हॅलिफॅक्सला, तो यंत्रावर, आणि बटाटे जमिनीत. ते काही तुमच्यासाठी थांबणार नाहीत. दोन शनिवार लावून मी काढले. ग्वेन आली नाही. मिसेस पिनिओंच्या ओट्यावर बसून राहिली. बटाटे वाळवून तळघरात डाव्या हाताच्या फळीवर ठेवलेत, वर पोती घातलीत. उजेड लागू देऊ नकोस, हिरवे पडतात. हिरवे बटाटे खाऊ नयेत, हे तिसरं आणि शेवटचं सांगणं. यात पडदे नाहीत.

खिडकीला जाळीचे पडदे पाहिले. उन्हं आत येतात त्यांच्यातून. सकाळी ओट्यावर उजेड असतो.

कुकर पायरीवर ठेवला आहे. लोकर काढून घेतलीय.

मॅव्हिस


केंटव्हिल, सोमवार, ९ ऑक्टोबर

कॉरीन,

कुकर परत पोचला. मिसेस पिनिओंच्या मुलाच्या गाडीतून, चिठ्ठी नाही, काही नाही. बरं केलंस. मीही नसता ठेवून घेतला.

आज थँक्सगिव्हिंग, सुगीचा सण. मी एकटी आहे. तू त्यावर खूश असशील, म्हणून सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको. ग्वेन मिसेस पिनिओंकडे राहायला गेली. शाळेची बस त्यांच्या दारावरून जाते, हे निमित्त. खरं कारण वेगळं आहे.

मी तिला म्हटलं, आपण दोघी कोंबडी भाजू, भोपळ्याची पाई करू. ती बॅग भरत होती. म्हणाली, “मला माहीत होतं, आई. तू मला सांगितलं होतंस ना, ती फरसबी खायची नाही म्हणून. बाबा तिसऱ्यांदा वाढून घेत होते आणि मला माहीत होतं. मी बोलले नाही.”

“का नाही बोललीस?”

“तुझं नाव काढलं की तिथे भांडण होतं. आणि तिचं नाव काढलं की इथे. बाबा इतके खूश होते त्या दिवशी.”

मी म्हटलं, बाळा, यात तुझा दोष नाही. तेव्हा ती वळली. “फोनवर तू पहिल्यांदा काय म्हणालीस, आठवतं? मी म्हटलं बाबांना दोन-दोन दिसतंय, बरणीतली फरसबी खाल्ली. तू म्हणालीस, ‘सांगितलं होतं मी तिला!’ आणि मग विचारलंस, मी खाल्ली का. आधी ते म्हणालीस. तुझा आवाज कसा होता माहितेय? पत्ते खेळताना जिंकल्यावर होतो ना, तसा.”

ऑगस्टच्या पत्रात मी तो फोन तुला जसा लिहिला होता, तसा तो नव्हता. हे ग्वेनच तुला सांगेल, म्हणून मी आधी सांगते. सांगितलं होतंच मी तुला. तोंडातून निघालं ते खरंच होतं. मी काय करायचं होतं, खोटं बोलायचं होतं?

कोंबडी भाजली नाही. लॉर्नची नळी काढली आणि तो स्वतः श्वास घेतो, हे मिसेस पिनिओंनी कळवलं. तू कळवायला हवं होतंस.

मॅव्हिस


केंटव्हिल, रविवार, १९ नोव्हेंबर

कॉरीन,

काल तू माझ्या जिन्यावर आलीस त्याबद्दल.

दार उघडलं तेव्हा मी तुला ओळखलंच नाही क्षणभर. अंगावर लॉर्नचा कोट, केसांवर बर्फ. तुझी पापणी सरळ झालेली पाहिली. आत ये म्हटलं नाही, ते मुद्दाम नाही. सुचलं नाही.

तू म्हणालीस, “तो माझ्या हातचं खात नाही.”

मी दाराची मूठ धरूनच उभी होते.

“घरी आल्यापासून एक घास नाही. दुकानातला डबा आणायला लावतो, स्वतः उघडतो, झाकण खिडकीशी धरून बघतो. मग तिथेच उभ्याने खातो. मी ताट मांडलं की उठून बाहेर जातो. वाईट बोलत नाही हो. ‘भूक नाही’ म्हणतो. त्याच्या बरगड्या मोजता येतात, मॅव्हिस. डॉक्टर म्हणतात, असाच राहिला तर परत आणा.”

हे ऐकायला मिळावं असं मला किती दिवस वाटत होतं, त्याचा हिशोब तुला देत नाही. तुझ्या हातचं त्याच्या घशाखाली उतरू नये, हे मी त्या घरातून निघताना गाडीत बसून बोलले होते. मोठ्याने. आणि काल तू ते माझ्या दारात येऊन सांगितलंस, तर मला खाली फक्त तुझे बूट दिसत होते. त्यांच्यातून पाणी गळत होतं, आणि मी विचार करत होते की पायपुसणं भिजतंय.

“मग मी काय करू?” मी विचारलं.

“एका रविवारी जेवायला या. तुम्ही खाल्लंत तर तो खाईल. तुमच्यावर विश्वास आहे त्याचा.”

“वेड लागलंय का तुला? आणि मी का खावं तुझ्या हातचं?”

तू केसांवरचा बर्फ झटकलास. म्हणालीस, “ते मला माहीत नाही.” आणि खाली उतरून गेलीस.

विनवण्या केल्या असत्यास, रडली असतीस, तर मला सोपं गेलं असतं. मी येणार नाही. मी तुमच्या घरची वैद्य नाही आणि चाखून बघायला ठेवलेली मोलकरीण नाही. लॉर्नने मला सोडलं, मी त्याला सोडलं, जे काय असेल ते, त्यात त्याला जेवू घालणं बसत नाही.

रविवारी तुम्ही किती वाजता जेवता ते कळव. ग्वेनला विचारायची सोय नाही.

मॅव्हिस


केंटव्हिल, सोमवार, ४ डिसेंबर

कॉरीन,

कालच्याबद्दल कोणी विचारलं तर मी बटाटे बघायला आले होते. मिसेस पिनिओंना मी तेच सांगितलं आहे, तूही तेच सांग.

खारवलेला मासा नीट भिजवला नव्हतास. एक पाणी अजून बदलायला हवं होतं. सलगम मध्ये कच्चा होता. डुकराची चरबी मात्र बरोबर कुरकुरीत तळली होतीस. हे मी टोचायला लिहीत नाही. कसं झालं होतं ते तुला कळायला हवं, आणि त्या टेबलावर तुला सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

लॉर्नला त्या अवस्थेत पाहीन असं मला वाटलं नव्हतं. हॉस्पिटलात माणूस आजारी दिसणारच. पण आपल्याच खुर्चीत, सदऱ्याची कॉलर मानेभोवती लोंबतेय, आणि ताटाशेजारी सार्डिन माशांचा डबा आणि डबा उघडायची चावी. “मॅव्हिस? तू?” त्याचा आवाज अजून घोगरा आहे.

“जेवायला बोलावलंय मला.”

“कोणी? हिने?”

“मग काय तू?”

ग्वेन खिडकीकडच्या खुर्चीत होती. माझ्याकडे बघत नव्हती. तू भांडं हातात धरून उभीच. “बस की,” मी म्हटलं. “हॉटेल आहे का हे?” तेव्हा बसलीस. मी वाढून घेतलं आणि जेवायला लागले. मी समोर भिंतीकडे बघून जेवत होते. पिवळा रंग तुम्ही इथेही लावलाय.

मग तू ती बरणी आणलीस. तू उठलीस तेव्हा मला वाटलं, मीठ आणायला गेलीस. बरणी टेबलावर ठेवलीस आणि लॉर्नच्या चेहऱ्यावरचं रक्तच गेलं. हिरव्या टोमॅटोचं लोणचं. थंडी पडायच्या आदल्या दिवशी तोडलेले, हॅलिफॅक्सहून एका दिवसासाठी घरी आलीस तेव्हा घातलेलं, असं तू म्हणालीस. नवरा यंत्रावर आणि तू कांदे चिरत होतीस! मी असते तर मीही तेच केलं असतं, ते सोड.

मी झाकण फिरवलं. टक् झालं.

“मॅव्हिस, नको,” लॉर्न म्हणाला. माझं मनगटच धरलं त्याने. हाताला काही जोर नाही त्याच्या. “मी गेलो तर ग्वेनला तू एकटीच उरशील.”

हे तू ऐकलंस. मला लिहायला नको होतं, पण ऐकलंस हे मी पाहिलं.

मी त्याचा हात बाजूला केला, चमचा भरला आणि खाल्ला. आणखी एक खाल्ला. यात शौर्य काही नव्हतं. झाकण उघडताच व्हिनेगरचा झणका नाकात गेला होता, तू हात राखून घातलेलं नाही. असल्या आंबटात काही जगत नाही. लॉर्नला ते माहीत नाही. तू सांगू नकोस.

तो माझ्याकडे बघत बसला. मी मेले नाही, पडले नाही, बटाट्यावर लोणचं घालून जेवत राहिले. मग त्याने काटा उचलला आणि माझ्या ताटातला बटाट्याचा तुकडा घेतला. माझ्या ताटातला. भांड्यातला नाही. तुझा चेहरा मी पाहिला. मला आतून किती बरं वाटलं, ते तूही पाहिलंस. आपल्या दोघींत लपवण्यासारखं आता फार काही उरलेलं नाही.

मी ताट त्याच्यासमोरून ओढून घेतलं. “हे माझं आहे,” म्हटलं. “तुझं तिकडे आहे. शिजवलंय हिनेच, दोन्हीकडे तेच आहे.” तो कितीतरी वेळ भांड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “कॉरीन, थोडं वाढ. थोडंच.” तू अर्धा डाव वाढलास. त्याने चार घास खाल्ले. तू मोजलेस, मीही मोजले.

हे सगळं तुला ठाऊक आहे. ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते पुढेच आहे.

ग्वेन म्हणाली, “आई, लोणचं दे.” बॅग भरून गेल्यापासून ती मला पहिल्यांदा ‘आई’ म्हणाली. बरणी माझ्या हातात होती, दोन चमचे माझ्या पोटात होते, व्हिनेगर माझ्या नाकात होतं. आणि माझा हात उचलेना. लॉर्नसमोर मी ती पूर्ण बरणी संपवली असती. पण पोरीच्या तोंडात तुझ्या हातचं जायचं म्हटल्यावर माझी बोटं काचेला चिकटली. ग्वेनने हात पुढे केलेला तसाच होता. ती तुझ्याकडे बघत नव्हती, बरणीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. चेहरा न्याहाळत होती. तू मान खाली घातलीस.

मी बरणी दिली.

तिने खाल्लं. “गोड आहे,” म्हणाली. खरंच आहे. साखर जास्त झालीय.

ग्वेन शुक्रवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे येते म्हणाली. रविवारी संध्याकाळी तिला तुमच्याकडे सोडीन. पायरीवरचा बर्फ लॉर्नला काढू देऊ नकोस, त्याच्या छातीला झेपणार नाही. तू काढ, नाहीतर मी आल्यावर आपण काढू.

मॅव्हिस